अम्ब्रास : एका आर्चड्यूकचा वारसा

इन्सब्रुक शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर अम्ब्रासचा महाल आहे. वरचा वाडा राहण्यासाठी होता, खालच्या इमारती मात्र केवळ संग्रहासाठी बांधल्या गेल्या. सोळाव्या शतकात वस्तू मांडून ठेवायला स्वतंत्र इमारती उभारणं हा नवाच विचार होता. तो टिरोलचा आर्चड्यूक दुसरा फर्डिनांड याचा.

त्याचा जन्म 1529 चा, लिंझचा. सम्राट पहिल्या फर्डिनांडचा हा दुसरा मुलगा. मुकुट थोरल्या मॅक्सिमिलियनकडे जाणार हे ठरलेलंच होतं. 1547 पासून वीस वर्षं त्याने प्रागमधून बोहेमियाचा कारभार पाहिला. तिथल्या सहा कोनांच्या ताऱ्याच्या आकाराच्या महालाचा आराखडा त्याने स्वतः काढला. 1557 मध्ये त्याने आउग्सबुर्गच्या सावकार घराण्यातल्या फिलिपिने वेल्सरशी गुपचूप लग्न केलं. पित्याने पुढे ते मान्य केलं, पण दोन अटींवर : लग्न गुप्त राहावं आणि मुलांना राज्यावर हक्क नसावा. म्हणून पोटची मुलं आधी दाराशी ठेवायची आणि मग ‘सापडलेली’ म्हणून घरात घ्यायची, अशी वेळ या आईबापांवर आली. गुप्ततेचं बंधन सुटलं ते 1576 मध्ये.

बापाच्या मृत्यूनंतर राज्याची वाटणी झाली आणि टिरोल फर्डिनांडच्या वाट्याला आलं. 1567 मध्ये तो इन्सब्रुकला आला. अम्ब्रास त्याने फिलिपिनेला दिलं. तिचं जमिनीत खोल बांधलेलं स्नानकुंड आजही तिथे पाहता येतं.

फर्डिनांड कट्टर कॅथलिक होता, खर्चाला सढळ होता. त्याची खरी बुद्धी मात्र मांडणीत दिसते. नामांकित सेनानींची चिलखतं त्याने पत्रं लिहून, मागण्या करून मिळवली. प्रत्येक चिलखतामागचा माणूस कोण, हे त्याला महत्त्वाचं वाटे. या चिलखतांचा सचित्र ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1601 मध्ये निघाला. शेजारच्या कलादालनात अठरा उंच कपाटं होती आणि वस्तू लावल्या होत्या त्या घडणीच्या द्रव्यानुसार : सोनं, चांदी, काच, लाकूड, पोवळं. इटालियन सोनार चेलिनीने घडवलेली सोन्याची मीठदाणी त्याला फ्रान्सच्या राजाकडून भेट मिळाली होती. काच फुंकायला आणि लाकूड कातायला तो स्वतः बसत असे. कारागिराच्या कामाची त्याला कदर होती, ती हाताला आलेल्या अनुभवातून.

इथेच पेत्रुस गोन्साल्वुस आणि त्याच्या मुलांची चित्रं आहेत. अंगभर, चेहराभर केस येण्याचा जन्मजात विकार त्यांना होता. अशाच एका विकाराला आजही ‘अम्ब्रास’ हेच नाव आहे. जिवंत माणसांची गणना नवलाच्या वस्तूंत व्हावी, हे मला खुपतं. चित्रकाराने मात्र त्यांना दरबारी पोशाखात, पूर्ण मानाने रंगवलं आहे.

फिलिपिने 1580 मध्ये गेली. दोन वर्षांनी फर्डिनांडने आपल्या भाचीशी, मांटुआच्या अ‍ॅना कॅतेरिना गोन्झागाशी लग्न केलं. त्यांना मुलीच झाल्या. 1595 मध्ये तो वारला तेव्हा गादीवर बसू शकेल असा मुलगा नव्हता आणि टिरोल त्याच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे परत गेलं. संग्रह फिलिपिनेच्या मुलाकडे, कार्लकडे आला. 1606 मध्ये तो सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने विकत घेतला. 1806 मध्ये त्यातल्या बहुतेक मौल्यवान वस्तू व्हिएन्नाला हलवण्यात आल्या. मीठदाणीही आता तिथेच आहे.

तरी चिलखतं आणि कलादालन आजही अम्ब्रासला, त्याने बांधलेल्या त्याच इमारतींत पाहता येतात. इन्सब्रुकला गेलात, तर वरच्या वाड्याआधी खालच्या इमारतींत शिरा आणि त्यांना पुरेसा वेळ द्या.