घरातला प्रकाशतंतू : वेग नेमका कुठे अडतो?

घरी फायबरचे इंटरनेट घ्यायचे ठरले की आपण प्रथम पॅकेजचा तक्ता पाहतो. पन्नास, शंभर, दोनशे एमबीपीएस आणि समोर महिन्याची किंमत. मग कंपनी ठरते. राउटर तर कंपनी देईल तो! आमच्या मते हा क्रम उलटा आहे. तक्त्यातला आकडा रस्त्याच्या एका टप्प्यावरचा वेग सांगतो. माहिती आपल्या पडद्यावर येईपर्यंत आणखी दोन-तीन टप्पे लागतात आणि त्यांतला जो सर्वांत अरुंद, तोच आपला खरा वेग ठरतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, गुणांच्या नोंदी, ऑनलाइन प्रशिक्षणे ही कामे आता शिक्षकाच्या घरी येऊन पोचली आहेत. वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यावर अडचण कळली, तर वर्षभर तीच सोसावी लागते. म्हणून हा रस्ता एकदा नीट पाहून घेऊ.

प्रकाशतंतू म्हणजे केसाएवढी बारीक काच. आतल्या गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या थरापेक्षा किंचित जास्त असल्याने प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि तो तंतूतच कोंडून राहतो. बाटलीला भोक पाडून पाण्याची धार काढावी आणि अंधारात समोरून लेझर पॉइंटरचा झोत त्या धारेत सोडावा. प्रकाश धारेबरोबर वळताना दिसतो. वर्गात हा प्रयोग जरूर करावा. तत्त्व जुनेच, पण अडचण काचेची होती. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले, की काच पुरेशी शुद्ध केली तर एका किलोमीटरमधली घट २० डेसिबेलपर्यंत खाली आणता येईल, आणि तेवढे झाले तर तंतूतून संदेश पाठवणे व्यवहार्य होईल. २० डेसिबेल घट म्हणजे शंभर भागांपैकी एकच भाग प्रकाश उरणे. त्या काळच्या काचेत ही घट किलोमीटरला हजार डेसिबेलच्या घरात होती. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा ओलांडली. काओंना २००९ चे भौतिकीचे नोबेल मिळाले.

आता आपल्या गल्लीत येऊ. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू एकाच घरी जात नाही. वाटेत खांबावर किंवा जिन्याखाली एक छोटी पेटी असते. तिच्यातला विभाजक प्रकाशाचे ३२ किंवा ६४ भाग करतो. त्याला वीज लागत नाही. नदीला फाटे फुटावेत तसे हे काम होते. केंद्राकडून घराकडे १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश येतो, घराकडून १३१० चा जातो. म्हणून एकाच तंतूत दोन्ही दिशांची वाहतूक चालते. केंद्राचा संदेश सर्व घरांना पोचतो आणि प्रत्येक घरातली पेटी त्यातला फक्त आपला भाग उचलते. उलट दिशेने मात्र घरांना पाळीपाळीने बोलावे लागते.

याचा हिशोब मोठा बोलका आहे. केंद्रातून साधारण २ मिलिवॅट प्रकाश निघतो. ३२ फाटे फुटताना सुमारे १७ डेसिबेल जातात, चार किलोमीटर तंतूत जेमतेम एक, सांध्यांत एक-दोन. एकूण घट २० डेसिबेल, म्हणजे घरी पोचतो ०.०२ मिलिवॅट. काओंनी एका किलोमीटरला जी घट मान्य केली होती, तेवढ्यात आज केंद्रापासून आपल्या भिंतीपर्यंतचा विभाजकासकट सगळा प्रवास होतो! तंत्रज्ञ हा आकडा 'उणे १७ डीबीएम' असा सांगतात. एक मिलिवॅट म्हणजे शून्य. मग दर उणे १० ला दहावा भाग. लघुगणक शिकवताना याहून जिवंत उदाहरण शोधावे लागणार नाही. घरातली पेटी साधारण उणे २७ पर्यंत काम करू शकते. म्हणून जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञाच्या मापकावरचा आकडा विचारून वहीत लिहून ठेवावा. उणे १८-२० असेल तर निर्धास्त राहावे. उणे २६ असेल तर एखादा सांधा सैल झाला किंवा दाराच्या फटीत तंतू चेपला, तरी लाल दिवा लागणार. तंतू फार वळवला की कोन बिघडतो आणि प्रकाश बाहेर गळतो; कोपऱ्यावर काटकोनात खिळे ठोकून तो बसवू देऊ नये. उघड्या टोकात डोळा घालून पाहू नये, कारण हा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही.

दुसरा हिशोब वाटणीचा. अशा एका तंतूवर बहुतेक ठिकाणी केंद्राकडून येणारी एकूण क्षमता सुमारे २४८८ एमबीपीएस असते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली तर वाट्याला ७८ येतील. तरीही दोनशेचे पॅकेज विकता येते, कारण सगळी घरे एकदम नळ सोडत नाहीत. यात फसवणूक नाही. पण कंपनीने एका पेटीवर किती घरे टांगली आणि पुढची वाहिनी किती रुंद ठेवली, यावर संध्याकाळचा वेग अवलंबून राहतो, आणि हे कोणत्याही तक्त्यात छापलेले नसते. म्हणून जिओ, एअरटेल, बीएसएनएल की गावातला केबलचालक, याचे उत्तर जाहिरातीत मिळायचे नाही. त्याच पेटीवरच्या शेजाऱ्याला रात्री नऊचा वेग विचारावा. गेल्या पावसाळ्यात तंतू तुटला तेव्हा जोडायला किती दिवस लागले, हेही विचारावे. दुरुस्तीला येणारा माणूस तालुक्याच्या गावी राहतो की जिल्ह्याच्या, हा प्रश्न आम्हाला पन्नास-शंभर एमबीपीएसच्या फरकापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नुसत्या 'ब्रॉडबँड' या शब्दावर विसंबू नये. आपल्याकडे २०२३ पासून त्याची किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे, त्याआधी ती अर्ध्या एमबीपीएसची होती.

पॅकेजचे गणित त्यामानाने सोपे. एमबीपीएसमधला 'बी' बिटचा आहे. आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. स्वच्छ चित्राच्या चित्रपटाला ५ एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ वर्गाला दोन ते चार. चौघांच्या घरात सगळे एकाच वेळी बसले तरी पन्नास फार झाले. 'अमर्याद' या शब्दाला बहुधा मासिक मर्यादा असते, आणि ती ओलांडली की वेग पार खाली येतो. ही मर्यादा ३३०० गिगाबाइट असेल तर चिंता नको: ५ एमबीपीएसने चित्रपट महिनाभर अहोरात्र चालू ठेवला तरी सुमारे १६२० गिगाबाइट होतात. किमतीवर १८ टक्के जीएसटी धरावा, म्हणजे ४९९ चे ५८९ होतात. मालिका-चित्रपटांच्या वर्गण्या आपण वेगळ्या घेतल्या असत्या का, एवढेच स्वतःला विचारावे. वर पाठवण्याचा वेगही पाहावा. वर्ग घेणाऱ्याला तो उतरवण्याच्या वेगाइतकाच लागतो.

उरले शेवटचे दहा मीटर, आणि बहुतेक घरांत वेग अडतो तो इथेच. राउटर रेडिओलहरींनी बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. पहिली भिंतीपलीकडे बरी पोचते, पण तिथे गर्दी फार: एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच (१, ६ आणि ११), आणि इमारतीतले सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसतात. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ वरच चालते. दुसरीवर जागा मुबलक, पण वीट आणि काँक्रीट तिला लवकर दमवतात. दोन्ही पट्टे देणारा राउटर हवा. तंत्रज्ञ तो दाराशी, टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवून जातो, कारण तंतू तिथवर आलेला असतो. वीस-तीस मीटर जास्त तंतू टाकून घेऊन राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, धातू आणि आरशापासून दूर ठेवावा. यातून जो वेग मिळतो तो महागड्या पॅकेजने मिळत नाही. जाड दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यात आतल्या खोलीपर्यंत वायर न्यावी आणि तिथे दुसरा साधा राउटर लावावा. स्वस्त राउटरच्या मागची वायरची भोके कधी कधी शंभर एमबीपीएसचीच असतात. त्यांतून प्रत्यक्षात ९४ च्या आसपास मिळतात, मग पॅकेज तीनशेचे का असेना. 'गिगाबिट' हा शब्द पेटीवर शोधावा.

अडचण कुठे आहे हे तीन मोजण्यांत कळते: वायर लावून, राउटरशेजारी वायफायवर आणि नेहमीच्या खोलीत. वायरवरच वेग कमी असेल तर कंपनीला फोन करावा. फक्त खोलीत कमी असेल तर राउटर हलवावा. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना मोबाइलवरच्या ॲपने घरभर फिरून डीबीएम मोजायला सांगावे, आणि अंतर व भिंतींच्या संख्येबरोबर आलेख काढायला लावावा. व्यस्त वर्गाचा नियम कुठे पाळला जातो आणि कुठे मोडतो, हे त्यांना स्वतःलाच दिसेल.

विजेचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला केंद्रातूनच वीज मिळे, म्हणून दिवे गेले तरी तो वाजायचा. काचेतून वीज येत नाही. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला की काही तास निभावतात. अडॅप्टरवर छापलेली व्होल्टता तंतोतंत जुळवावी, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. कंपनीची पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते. एकालाच यूपीएस लावून अंधारात दुसऱ्याकडे पाहत बसलेली घरे आम्ही पाहिली आहेत.