कार्बन-१४ एवढा सावकाश का?

कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५७३० वर्षे, हे आपण फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. हा आकडा एवढा मोठा का, असे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर तो फारच विचित्र आहे.

या अणुकेंद्रात ६ प्रोटॉन व ८ न्यूट्रॉन असतात. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो बाहेर पडतात व नायट्रोजन-१४ उरतो. हा बीटा ऱ्हास. आणखी एक न्यूट्रॉन असलेल्या कार्बन-१५ चे अर्धायुष्य जेमतेम अडीच सेकंद आहे! १९४० साली बर्कलीत केमन आणि रूबेन यांनी कार्बन-१४ शोधला, तेव्हा तोही अल्पायुषीच असेल, अशी अपेक्षा होती.

ऱ्हासात मिळणारी ऊर्जा कमी, म्हणून वेग कमी, असे उत्तर कोणी देईल. ते अपुरे आहे. कार्बन-१४ ला कमाल १,५६,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते, तर ट्रिटियमला केवळ १८,६००. मग ट्रिटियम अधिक सावकाश हवा. प्रत्यक्षात त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणजे साडेचारशे पटींनी कमी! परिवलनाचे नियमही कार्बन-१४ च्या आड येत नाहीत. त्याचे आयुष्य दिवसांत मोजण्याइतकेच असायला हवे होते. तसे असते, तर पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ या पद्धतीने ठरवताच आला नसता.

मग अडते कुठे? पुंजयामिकीत ऱ्हासाला अनेक वाटांनी हातभार लागतो. काही धन, काही ऋण. हा जमाखर्चच समजा. कार्बन-१४ मध्ये हजार रुपये जमा आणि नऊशे नव्व्याण्णव खर्च, अशी गत होते. त्यातही वेग शिल्लकीच्या वर्गावर अवलंबून असतो. शिल्लक हजारावा भाग, तर वेग दहा लाखावा.

एवढी तंतोतंत वजाबाकी गणिताने दाखवणे अवघड. न्यूक्लिऑनांच्या जोड्यांमधील बले तेवढी धरून ती नीट जमत नव्हती. २०११ मध्ये मारिस, वॅरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओक रिज येथील महासंगणकावर तीन न्यूक्लिऑन एकत्र आल्यावरच प्रकट होणारे बल हिशोबात घेतले, तेव्हा शिल्लक जवळजवळ शून्यावर आली.