हिशेब घेण्याआधी हिशेब मांडा

नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाचा सत्कार करण्याची पद्धत आता आपल्या वस्त्यांत रुजली आहे. हार घालतात, शाल देतात, बाबासाहेबांची तसबीर किंवा बुद्धमूर्ती भेट देतात, रात्री जेवण होते. ही चांगलीच गोष्ट आहे. ज्या समाजाच्या वाट्याला मरेपर्यंत राबणे एवढेच आले होते, त्या समाजातला माणूस तीस वर्षे नोकरी करून मानाने घरी येतो, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु वर्ष-दोन वर्षांनी तोच माणूस एखाद्या इमारतीच्या फाटकाशी, प्लास्टिकच्या खुर्चीत, बारा तासांच्या रात्रपाळीला बसलेला दिसतो. मग लोक विचारतात, ‘अहो, यांचा फंड कुठे गेला?’

फंड कुठे गेला हे सगळ्यांना माहीत असते. थोडा मुलीच्या लग्नात गेला, थोडा मुलाच्या रिक्षात, थोडा गावाकडच्या घराच्या स्लॅबमध्ये आणि उरलेला पतपेढीच्या कर्जात. यातला एकही खर्च व्यसनाचा नाही, एकही वाईट हेतूने झालेला नाही. म्हणूनच या विषयावर बोलणे अवघड जाते. बापाने मुलांसाठी पैसा खर्च करू नये असे कोण म्हणेल? पण त्या बापाच्या आणि आईच्या पुढच्या वीस वर्षांचा विचार त्या घरात कुणी केला होता का, हे तर विचारावेच लागेल.

पेन्शनने समाजाला काय दिले?

आपल्या चळवळीच्या इतिहासात पेन्शनला मोठे स्थान आहे. ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेली अनेक महार कुटुंबे गेल्या शतकाच्याही आधी दापोलीला राहत होती. गोपाळबाबा वलंगकर हे असेच सैन्यातील पेन्शनर. निवृत्तीनंतर त्यांनी लेखणी हाती घेतली आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही पेन्शनर होते. निवृत्तीनंतरही त्यांनी काही काळ नोकरी केली, मुंबईत एका खोलीच्या चाळीत संसार केला, आणि हात आखडता असतानाही भीमरावांच्या पुस्तकांना पैसा कमी पडू दिला नाही.

गावकीची कामे करून भाकरी मागणारा माणूस पाटलापुढे तोंड उघडू शकत नव्हता. ज्याच्या हाती दरमहा स्वतःचे चार पैसे येत होते, तो बोलू शकत होता. म्हातारपणीच्या पैशाचा खरा अर्थ हाच आहे. त्याने चैन होणार नाही, पण औषधाच्या पुडीसाठी सुनेकडे हात पसरावा लागणार नाही आणि कुणाचे मिंधे होऊन गप्प बसावे लागणार नाही.

धम्मातला हिशेब

पैशाचा विचार करणे म्हणजे लोभ, असा गैरसमज आपल्याकडे आहे. तथागतांनी गृहस्थांना उपदेश करताना पैशाचा विषय कधी टाळला नाही. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग उद्योगाला आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. कोलियांच्या दीघजाणू या गृहस्थाला दिलेल्या उपदेशात तळ्याची उपमा येते. तळ्यात पाणी आणणाऱ्या चार वाटा बंद केल्या, बाहेर नेणाऱ्या चार वाटा उघड्या ठेवल्या आणि पाऊसही झाला नाही, तर ते तळे आटणारच.

निवृत्तीच्या दिवशी नेमके हेच घडते. पगाराची वाट बंद होते आणि खर्चाच्या वाटा मात्र त्याच दिवशी जास्तीत जास्त उघडल्या जातात.

आकडे काय सांगतात?

आता थोडी बेरीज-वजाबाकी करू. समजा, एका खासगी कारखान्यातल्या कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये आहे आणि नोकरी ३० वर्षांची झाली. ग्रॅच्युइटीचे गणित सोपे आहे. पगाराला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. उत्तर येते सुमारे ३ लाख ४६ हजार. फंडाचे साडेचार लाख धरले, तर हाती जवळजवळ ८ लाख आले. तीस वर्षांत इतकी रक्कम एकदम कधी पाहिलेली नसते. त्यामुळे ती फार मोठी वाटते.

हे आठही लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि व्याज ८.२ टक्के धरले (हा दर एप्रिल २०२३ मध्ये लागू झाला होता, सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते), तर वर्षाला ६५,६०० रुपये व्याज येईल. म्हणजे महिन्याला सुमारे ५,४६५. आता लग्नात ५ लाख गेले असे समजा. उरलेल्या ३ लाखांवर महिन्याला २,०५० रुपये पडतील. हॉल, मांडव, डीजे आणि आहेर यांत एका रात्री जे गेले, त्याने आई-बापाचे महिन्याचे ३,४०० रुपये कायमचे गेले. किराणा आणि रक्तदाबाच्या गोळ्या याच रकमेतून यायच्या होत्या.

‘पण पेन्शन आहे ना?’ असे कुणी म्हणेल. खासगी कामगारांची पेन्शन योजना १९९५ साली आली. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के तिकडे जातात, म्हणून फंडाच्या पुस्तकात मालकाचा हिस्सा कमी दिसतो. पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले ७०, असे तिचे सूत्र आहे. या पगाराला मर्यादा असते. २०१४ मध्ये ती ६,५०० वरून १५,००० करण्यात आली. संपूर्ण तीस वर्षे १५,००० च्या मर्यादेत धरली तरी पेन्शन सुमारे ६,४०० रुपये बसते, आणि जुन्या नोकरीला जुनी मर्यादा लागत असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. २०१४ मध्ये किमान पेन्शन ठरली तीही महिना १,००० रुपये!

सरकारी नोकरीतल्यांनीही गाफील राहू नये. राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप मिळत नाही. आपण कोणत्या योजनेत आहोत, हे प्रत्येकाने आस्थापना शाखेत जाऊन विचारून घ्यावे.

थांबायचे कधी?

नियमाप्रमाणे निवृत्तीचे वय ठरलेले असते. राज्य शासनात ते ५८ आहे, चतुर्थ श्रेणीला ६०. फंडाची पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. दहा वर्षे नोकरी झालेल्याला ती ५० नंतरही लवकर घेता येते, पण अलीकडे आणलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते. उलट ५८ नंतर थांबून ६० व्या वर्षी घेतली, तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. तेव्हा हातात काम आहे आणि अंग साथ देते आहे, तोवर लवकर पेन्शनचा अर्ज भरण्याची घाई करू नये.

पण अंग साथ देत नसेल तर? गटारात उतरणारा, डोक्यावर पाटी वाहणारा, रसायनात काम करणारा माणूस पन्नाशीतच थकतो. त्याला ‘अजून चार वर्षे ओढ’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे. अशा घराने विचार पंचेचाळिशीतच सुरू करावा. माझ्या मते तीन गोष्टी जुळल्या की थांबायला हरकत नाही. पतपेढीचे आणि सावकाराचे कर्ज फिटलेले असावे. राहते घर नवरा-बायकोच्या ताब्यात असावे. आणि निवृत्तीनंतर दरमहा जी रक्कम येणार, तेवढ्यात घर चालवण्याची तालीम सहा महिने झालेली असावी. उरलेला पगार त्या सहा महिन्यांत बँकेत टाकावा. तालमीत जमले नाही, तर निवृत्तीनंतर जमेल ही आशा सोडावी.

झाडू वारशाने द्यावा का?

सफाई कामगारांच्या घरात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळण्याची तरतूद आहे, आणि शासनाने २०२३ मध्ये याबाबत नव्याने एकत्रित निर्णय काढला. मुलगा बेकार असतो, बाप बावन्न-त्रेपन्नचा असतो. घरातून टुमणे लागते, ‘तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घ्या, पोराचे कल्याण होईल.’

पक्की नोकरी हातची घालवा, असे मी म्हणणार नाही. कंत्राटी कामगारांचे हाल आपण पाहतोच. पण तीन गोष्टी बघाव्यात. मुलगा किंवा मुलगी शिकत असेल, तर वारशाच्या आशेवर शिक्षण सोडू देऊ नये. पिढीजात धंद्यातून बाहेर पडा, हे बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितले. लवकर थांबल्याने आपली पेन्शन आणि ग्रॅच्युइटी किती कमी होते, हे कार्यालयाकडून लेखी घ्यावे. आणि नोकरी मिळणाऱ्याने आई-वडिलांना दरमहा किती द्यायचे, हे सर्व भावंडांसमोर कागदावर ठरावे. नातवाच्या वाढदिवसाला केक येतो आणि आजीच्या चष्म्याला पैसे नसतात, असे व्हायला नको.

कागद आणि मायभगिनी

या सगळ्या हिशेबात घरच्या बाईला कुणी विचारत नाही. खरे तर बहुतेक घरांत नवऱ्यामागे वर्षानुवर्षे तीच उरते. नवऱ्याच्या फंडावर नॉमिनी कोण आहे, हे तिला ठाऊक असावे. लग्नाआधी लावलेले आईचे किंवा भावाचे नाव अनेक ठिकाणी तसेच राहिलेले असते, ते बदलून घ्यावे. पेन्शनरच्या मृत्यूनंतर पत्नीला पेन्शन मिळते, त्यासाठी नाव, जन्मतारीख आणि आधार कार्ड जुळलेले हवे. बँकेचे खाते दोघांच्या नावे असावे.

नोकरी बदलताना फंड काढून खाण्याची सवयही सोडली पाहिजे. पेन्शनचे पैसे काढले की तितकी वर्षे पुसली जातात. फंड नव्या खात्यात वर्ग करून घ्यावा. कंत्राटदार पगारातून फंड कापतो आणि भरत नाही, असेही घडते. म्हणून पासबुक दर तीन महिन्यांनी पाहावे. घरातली शिकलेली मुले मोबाइलवर ते दोन मिनिटांत दाखवतील.

घर मुलाच्या नावे करण्याची घाई मुळीच करू नये. करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, अशी अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. मुले सांभाळत नसतील, तर निर्वाहभत्त्यासाठी याच कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या बहिणींना फंडच नाही. त्यांच्यासाठी अटल पेन्शन योजना २०१५ पासून आहे. वय १८ ते ४० मध्ये नाव घालावे लागते. ६० नंतर ५,००० रुपये हवे असतील, तर अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरावे लागतात आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. उशीर किती महाग पडतो, ते यावरून दिसते. पासष्टी ओलांडलेल्या निराधारांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम १,५०० रुपये करण्यात आली. तहसील कार्यालयात अर्ज करावा. ही भीक नव्हे, हक्क आहे.

विहार समित्यांना विनंती

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. निवृत्त झालेल्या माणसाकडे बांधकामाची पावती घेऊन पहिल्याच आठवड्यात जाऊ नये. दान श्रद्धेने आणि ऐपतीने व्हावे. ज्याचे तळे आटते आहे, त्याच्याकडून घागर भरून घेऊ नये. त्याऐवजी समितीने वर्षातून एक रविवार वंदनेनंतर या कामासाठी ठेवावा. पन्नाशीच्या आसपासच्या प्रत्येक जोडप्याने फंडाचे पासबुक, पगाराची पावती आणि नॉमिनीचा कागद घेऊन यावे. वस्तीतल्या बँकेत, पोस्टात, कचेरीत काम करणाऱ्या तरुणांनी दोन तास देऊन ते तपासावेत, चुका दुरुस्त करण्याचे अर्ज तिथेच भरून द्यावेत. जमलेल्या पैशातले किती मोडायचे आणि कितीला हात लावायचा नाही, हे नवरा-बायकोने घरी जाऊन त्याच रात्री मुलांना सांगावे. मुले दोन दिवस रुसतील, पण पुढच्या वीस वर्षांत आई-बाप त्यांच्यावर ओझे होणार नाहीत, हेही त्यांच्या लक्षात येईल.