रसदखात्याचं पितळ

इंग्रज फौजेच्या रसदखात्याची जुनी बटणं आणि बिल्ले जमवणाऱ्यांचा पितळावर कागदापेक्षा जास्त विश्वास असतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. पोलादी ठशावर पत्रा दाबून पुढचं नक्षीदार कवच करायचं, मागे चकती बसवून कडा वळवायच्या आणि चकतीला तारेची कडी लावायची, अशी या बटणाची घडण. खरी मौज मागच्या चकतीवर असते. रायपूरच्या सदर बाजारातला सराफ दागिना उलटून हॉलमार्क पाहतो, तसा जाणकार आधी फर्मिन किंवा गाँट अशा कारखानदाराचं नाव आणि पत्ता वाचतो. पत्ते बदलत गेले, त्यावरून काळ ठरतो. पुढे मुकुट पाहायचा: 1902 नंतर गोल घुमटाचा, 1953 नंतर कमानी मधे खोलगट असलेला. उरलेलं काम दलाच्या नावाची अक्षरं करतात, कारण ते नाव बदलत गेलं. 1799 ची ‘रॉयल वॅगन ट्रेन’ 1833 मध्ये मोडीत निघाली. क्रिमियात वाहतुकीचे हाल झाल्यावर 1855 मध्ये नवं दल उभारलं गेलं, लगेच त्याची ‘मिलिटरी ट्रेन’ झाली. 1888 मध्ये ‘आर्मी सर्व्हिस कोअर’ आली आणि 1918 मध्ये तिला ‘रॉयल’ मिळालं. हिंदी फौजेच्या रसददलाला तोच मान 1935 मध्ये मिळाला.

पण हे पितळ खरं बोललं, तरी सगळ्यांविषयी बोलत नाही. 1858 हे एकच वर्ष घ्या. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन चार वर्षं झाली होती. 18 जानेवारीला रायपूरच्या छावणीत तिसऱ्या पलटणीतल्या हनुमान सिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं. हनुमान सिंह होता ‘मॅगझीन लष्कर’, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारावरचा माणूस. त्याचे सतरा साथीदार चार दिवसांत फासावर गेले; तो स्वतः कधीच सापडला नाही. एप्रिलमध्ये आझमगढजवळ, बंडाचे पुढारी कुंवर सिंह यांच्या फौजेशी लढताना, मिलिटरी ट्रेनच्या सॅम्युअल मॉर्ली आणि मायकेल मर्फी यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. (मर्फीचा पुढे 1872 मध्ये काढून घेतला, घोड्यांचे ओट आणि गवत चोरल्याबद्दल. रसदखात्याला शोभेलसाच गुन्हा!) मर्फीच्या दलाची चिन्हं आज संग्रहांत जपली जातात, कोठारावरच्या हनुमान सिंहाची आठवण देणारं बटण कोणत्या खणात शोधायचं?

यावर आक्षेप येईल की बंडखोराच्या नावे बटण कोण पाडणार? बरोबर, पण निष्ठावंतांचंही फार वेगळं नव्हतं. 1871 ते 1924 या काळात साध्या ब्रिटिश शिपायाच्या अंगावरही बहुधा राजचिन्हाचं सामायिक बटणच असे, स्वतःच्या दलाचं नसे. म्हणजे त्या काळातलं दलाच्या नावाचं बटण बहुतेक वेळा अधिकाऱ्याचं. धान्याचे तांडे हाकणाऱ्या बंजाऱ्यांना, ज्यांच्या बैलांवर मोगल, मराठे आणि कंपनी अशा सगळ्यांच्या फौजा जगल्या, गणवेशच नव्हता. ज्यावर संग्राहकाची भिस्त, तो ठसाही पुरता विश्वासू नाही. जुना ठसा शाबूत असेल तर त्यावर आजही बटण पाडता येतं, आणि ते हुबेहूब उतरतं. पितळ काळवंडवायला आम्ल पुरतं. झिजेवर भरवसा ठेवावा, तर ब्रासो लावून रोज घासलेलं अस्सल बटण गुळगुळीत झालेलं असतं आणि पेटीत पडून राहिलेलं कोरं दिसतं. त्यात दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी बिल्ले प्लास्टिकचे झाले. ते ठिसूळ, दिसायला हलके, म्हणून बरेचसे फेकले गेले, आणि जे दल लाखो माणसांना दोन वेळचं जेवण पोचवत होतं त्याच्या सर्वांत मोठ्या कामगिरीच्या काळातली चिन्हं आज पेटीत सर्वांत हलकी भरतात.