कोंबडखत आणि घरची बाग

परसांतील बागेला खत घालावयाचें म्हणजे शेणखत, ही आपल्या घरांतील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. परंतु आतां बहुतेकांच्या दारांतील गोठे गेले आणि विकतच्या शेणखतांत शेण किती व माती किती, ही शंका उरली. अशा वेळीं आम्ही वाचकांचें लक्ष एका दुर्लक्षित खताकडे वेधूं इच्छितों. तें खत म्हणजे कोंबडीची विष्ठा. नांव वाचतांच कित्येक घरांतील वडील मंडळी नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. पण हा प्रश्न जितका सोंवळ्याओंवळ्याचा तितकाच आरोग्याचाही आहे, म्हणून त्याचा शांतपणें विचार झाला पाहिजे.

प्रथम गुण पाहूं. चांगल्या शेणखतांत नत्राचें प्रमाण शेंकडा सुमारें अर्धा असतें. वाळलेल्या कोंबडखतांत तें शेंकडा तीनच्या आसपास भरतें. स्फुरद तर शेणखताच्या कितीतरी पट अधिक. याचें कारण असें कीं, पक्ष्यांचें मलमूत्र एकत्रच बाहेर पडतें. विष्ठेवर दिसणारा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, आणि तेंच नत्राचें भांडार. पेरू देशाच्या किनाऱ्यावरील समुद्रपक्ष्यांची विष्ठा एकोणिसाव्या शतकांत जहाजें भरभरून युरोपांत जात असे, ती याच गुणासाठीं.

परंतु याच गुणांत दोषही दडलेला आहे. ताज्या विष्ठेंतील युरिक आम्लापासून अमोनिया होतो व तो कोंवळीं मुळें जाळून टाकतो. उत्साहाच्या भरांत ओंजळभर ताजें खत गुलाबाच्या बुंध्याशीं टाकणाऱ्यास आठ दिवसांत करपलेलीं पानें पाहावीं लागतात. शिवाय त्यांत पोटाचे विकार उत्पन्न करणारे जंतू असूं शकतात.

येथें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूरचें उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावें. हा तालुका कुक्कुटपालनासाठीं प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २००६ मध्यें भारतांतील कोंबड्यांमध्यें बर्ड फ्लूची पहिली साथ आढळली ती याच नवापुरांत. लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या आणि अनेक कुटुंबांची पुंजी मातीस मिळाली. २०२१ सालीं तेथें पुन्हां हेंच संकट ओढवलें. या रोगाचा विषाणु आजारी पक्ष्याच्या विष्ठेंतूनही पसरतो. म्हणून साथीच्या दिवसांत, किंवा जेथें पक्षी अकस्मात्‌ मरत आहेत अशा ठिकाणाहून, हें खत मुळींच आणूं नये. ज्या घरांत लहान मुलें व वृद्ध एकत्र नांदतात, त्या घरानें तर हा नियम कटाक्षानें पाळावा.

मग उपाय काय? उपाय कुजविण्याचा. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड यांनीं पालापाचोळा व शेण यांचे ढीग रचून, ते वरखालीं करून खत करण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९३१ सालीं यशवंत वाड यांच्यासह ती ग्रंथरूपानें मांडली. तेंच तत्त्व येथेंही लागू पडतें. एक पाटी विष्ठेस दोन-तीन पाट्या वाळलेला पाचोळा घ्यावा. तूस वा लाकडाचा भुसा मिसळलेलें खत असल्यास पाचोळा कमी पुरतो. हात-सव्वाहात उंचीचा ढीग तापत नाहीं. तो निदान तीन फूट उंच व तितकाच रुंद असावा. मूठभर मिश्रण पिळल्यास ओल जाणवावी, पाणी गळूं नये. ढिगाच्या पोटांत ५५ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता कांहीं दिवस टिकली पाहिजे. तिनेंच रोगजंतु व तणाचें बीं मरतें. दर आठवड्यास ढीग असा परतावा कीं बाहेरचा भाग आंत जाईल. अमोनियाचा उग्र वास आल्यास नत्र उडून जात आहे असें समजून आणखी पाचोळा घालावा. तीन-चार महिन्यांनीं खत काळपट, भुसभुशीत होतें व त्यास पावसाळी मातीसारखा वास येतो.

असें खत वाफ्यास दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो पुरे. कुंडीत नऊ भाग मातीस एक भाग. वांगी, मिरची, केळ, जास्वंद यांस तें मानवतें. मात्र अति झाल्यास पानेंच माजतात, फुलें रुसतात. वाल-घेवड्यास तर नत्राची फारशी गरजच नसते. मुळा, कोथिंबीर यांच्या वाफ्यांत कच्चें खत कदापि घालूं नये. हाताळतांना हातमोजे व नाकावर फडकें असावें, नंतर साबणानें हात धुवावे.

राहतां राहिला सोंवळ्याचा प्रश्न. तुळशीवृंदावनास हें खत नको, असें घरांतील आजीबाईंस वाटल्यास त्यांचें मन मोडण्याचें कारण नाहीं. तेथें शेणखत घालावें आणि परसांतील भाजीच्या वाफ्यांत हें वापरावें. शेणही विष्ठाच, तिचें सोनें झालें तें मातीच्या पोटांत. तीच माती कोंबडखतासही आपल्यासारखें करून घेते, फक्त तिला पुरेसा अवधि देण्याचा धीर आपल्यापाशीं पाहिजे.