पुडीतला हरताळ

लालबागचे एक आजोबा पायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो म्हणून दवाखान्यात आले. तळहात पाहिले तर खरखरीत, मोहरीएवढे घट्टे. "औषध काही चालू आहे?" "खरजेवर पुडी घेतो, दोन वर्षे झाली. हरताळाची आहे डॉक्टर, सोमलाची नव्हे!"

गिरणगावात हरताळ म्हटले की बंद दुकाने आठवतात. हा हरताळ निराळा. पोथीतले चुकलेले अक्षर ज्याने झाकत, ते पिवळे खनिज. हरताळ, मनशीळ, सोमल ही एकाच घरातली मंडळी. पहिल्या दोघांत आर्सेनिक गंधकाशी जोडलेले असते, सोमलात प्राणवायूशी. 'आर्सेनिक' हे नावच मुळी हरताळाच्या फारसी नावावरून, 'जरनिख'वरून आले. हरताळ पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून सोमलाहून सौम्य. पण उघड्यावर तापवला की गंधक जळून जाते आणि सोमलच तयार होतो! त्याचे दीड-दोनशे मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकतात.

हाच सोमल एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर शिरेतून देतात. अमेरिकेत त्याला २००० साली मान्यता मिळाली. पण तिथे मात्रा काट्याने मोजलेली, वरचेवर हृदयाचा आलेख काढलेला. आजोबांच्या पुडीत काय आणि किती, कोण जाणे. ती बंद करून लघवीतले आर्सेनिक तपासायला सांगितले.

अशी पुडी कोणी घेत असेल तर पुडीसकट डॉक्टरांकडे जावे.