डेटाबेस परिवर्तन, अखंड सेवेतील

संकेतस्थळ लोकांच्या वापरात असतानाच त्याच्या डेटाबेसची रचना किंवा त्यातील माहिती बदलण्याच्या कार्यपद्धतीस अखंड सेवेतील डेटाबेस परिवर्तन असे म्हणता येईल. डेटाबेस म्हणजे संगणकावर पद्धतशीर रीतीने साठविलेला माहितीचा संग्रह. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानानुसार तो सारण्यांचा बनलेला असतो. प्रत्येक सारणीत ओळी व स्तंभ असतात आणि कोणत्या स्तंभात कोणत्या प्रकारची व किती मोठी माहिती मावेल, हे आधी ठरवून दिलेले असते [⟶ संगणक]. संकेतस्थळ चालविणारी आज्ञावली ही रचना गृहीत धरूनच लिहिलेली असते. त्यामुळे रचना बदलली की आज्ञावलीही बदलावी लागते. परंतु या दोन गोष्टी नेमक्या एकाच क्षणी घडवून आणता येत नाहीत. या विषयातील मूळ अडचण हीच होय.

गरज : पूर्वी हे काम रात्री संकेतस्थळ बंद ठेवून करीत. भारतीय रेल्वेच्या ऑनलाइन आरक्षणात मध्यरात्रीच्या सुमारास दैनंदिन देखभालीसाठी काही वेळ खंड ठेवण्याचा प्रघात प्रवाशांच्या परिचयाचा आहे. मात्र ज्या संकेतस्थळाचे वापरकर्ते सर्व खंडांत पसरलेले असतात त्याला रात्र अशी नसतेच. शिवाय सारण्या वाढत गेल्या की बदलास लागणारा वेळही वाढतो आणि कोट्यवधी ओळींच्या सारणीत तो कित्येक तासांवर जातो.

अमेरिकेतील बेसकॅम्प या संकेतस्थळाचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. वापरकर्त्यांच्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवणाऱ्या त्याच्या एका सारणीत नोंदीचा क्रमांक ३२ बिटांच्या पूर्णांक स्तंभात ठेवलेला होता. अशा स्तंभात २,१४,७४,८३,६४७ यापेक्षा मोठी संख्या मावत नाही. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी ही मर्यादा गाठली गेली आणि नव्या नोंदी करणे अशक्य झाले. साठविलेली माहिती सुरक्षित होती; परंतु स्तंभ ६४ बिटांचा होईपर्यंत सु. पाच तास बेसकॅम्प ३ केवळ वाचनापुरते उपलब्ध राहिले. नव्या सारण्यांतील क्रमांक ६४ बिटांचे ठेवण्याची सोय, बेसकॅम्पच्याच निर्मात्यांकडे मूळ असलेल्या ‘रेल्स’ या आज्ञावली-चौकटीत २०१७ मध्येच झालेली होती. जुन्या सारणीचे परिवर्तन तेवढे राहून गेले होते.

कुलुपे : एकाच ओळीत दोघांनी एकदम फेरफार करू नये म्हणून डेटाबेस त्या त्या भागाला तात्पुरते कुलूप लावतो. सारणीची रचनाच बदलावयाची तर बहुधा संपूर्ण सारणीला कुलूप लागते. ‘मायएसक्यूएल’च्या जुन्या आवृत्त्यांत बहुतेक बदलांसाठी सारणीची संपूर्ण नवी प्रत तयार केली जाई आणि तोवर तीत लेखन करता येत नसे. २०१३ मधील ५.६ या आवृत्तीपासून यांतील अनेक बदल लेखन चालू ठेवून करता येऊ लागले. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’मध्ये सूची (सारणीतील नोंद त्वरेने शोधण्याचे साधन) लेखन न थांबविता तयार करण्याची सोय २००६ पासून आहे. २०१८ मधील ११ व्या आवृत्तीपासून ठराविक पूर्वनिश्चित मूल्य असलेला नवा स्तंभ सारणी पुन्हा न लिहिता जोडता येतो. याउलट, ३२ बिटांच्या स्तंभाचा प्रकार थेट ६४ बिटांचा केल्यास तीत संपूर्ण सारणी पुन्हा लिहिली जाते आणि तेवढा वेळ वाचनही थांबते.

क्षणात पुरी होणारी आज्ञाही निर्धोक असतेच असे नाही, हे अनुभवी माणसाच्याही ध्यानात येत नाही. समजा, एखादा मोठा अहवाल काढण्यासाठी कोणी सारणी वीस मिनिटे वाचत आहे. रचना बदलण्याच्या आज्ञेला सारणीचे पूर्ण कुलूप हवे असते, म्हणून ती अहवालामागे थांबते. आणि तिच्यामागून आलेली साधी वाचनेही तिच्यामागे रांगेत अडकतात. बदल सुरूही झालेला नसतो आणि संकेतस्थळ मात्र ठप्प होते. यास्तव कुलूप काही सेकंदांत न मिळाल्यास आज्ञा आपोआप मागे घ्यावी व थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, अशी कालमर्यादा घालतात.

परिवर्तनाचे टप्पे : मोठे संकेतस्थळ अनेक सर्व्हरांवर चालते आणि नवी आज्ञावली त्यांवर एकामागून एक बसविली जाते. परिणामी काही काळ जुनी व नवी आज्ञावली एकाच डेटाबेसवर काम करीत असतात. प्रत्येक टप्प्यानंतर डेटाबेसची रचना या दोहोंना चालेल अशी असली पाहिजे, हा या पद्धतीचा कणा आहे. प्रथम रचनेचा विस्तार करावयाचा आणि अखेरीस संकोच करावयाचा, असा तिचा क्रम असतो.

वरील उदाहरणातील स्तंभ या रीतीने बदलावयाचा झाल्यास जुन्याला हात न लावता त्याच्या शेजारी ६४ बिटांचा रिकामा स्तंभ जोडतात. मग प्रत्येक नवी नोंद दोन्ही स्तंभांत लिहिली जाईल, अशी व्यवस्था करतात. त्यानंतरच जुन्या ओळींतील मूल्ये नव्या स्तंभात उतरविण्यास घेतात. हा क्रम उलटल्यास उतरवणूक चालू असताना आलेल्या नोंदी नव्या स्तंभात येत नाहीत आणि ही उणीव पुष्कळदा महिन्यांनी उघडकीस येते. उतरवणूक एका झपाट्यात न करता हजार-पाचशे ओळींच्या तुकड्यांनी, मध्ये विसावा घेत करतात. अन्यथा मुख्य सर्व्हरवर ताण पडतो आणि त्याच्या प्रतिकृती मागे पडून वाचकांना शिळी माहिती दिसू लागते. नंतर दोन्ही स्तंभ ताडून पाहतात, नव्या स्तंभाची सूची तयार करतात व वाचन त्यावर वळवितात. वाचन वळविल्यावरही जुन्या स्तंभातील लेखन काही दिवस चालू ठेवणे इष्ट असते. नव्या आज्ञावलीत दोष आढळल्यास माघार घेण्याची ती एकमेव वाट असते. कारण आदल्या रात्रीची राखीव प्रत उपयोगात आणल्यास त्यानंतरच्या सर्व नोंदी गमवाव्या लागतात. अर्थात नोंदींचा क्रमांक जुन्या मर्यादेच्या पुढे गेला की ही वाटही बंद होते. सर्वांत शेवटी जुना स्तंभ काढून टाकतात.

स्तंभाचे केवळ नाव बदलणे डेटाबेसला अगदी सोपे जाते. पण जुनी आज्ञावली जुने नाव शोधत राहते आणि प्रत्येक पानावर चूक दाखविते. म्हणून एवढ्याशा बदलालाही वरील सर्व टप्पे घ्यावे लागतात किंवा, अधिक शहाणपणाचे म्हणजे, जुने नाव तसेच ठेवावे लागते.

साधने : संपूर्ण सारणीच्या बाबतीत हेच काम करणारी साधने मायएसक्यूएलसाठी उपलब्ध आहेत. ती नव्या रचनेची छाया-सारणी तयार करून तीत जुन्या ओळी उतरवितात आणि शेवटी दोन्ही सारण्यांच्या नावांची क्षणार्धात अदलाबदल करतात. फेसबुकने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनात मधल्या काळातील फेरफार टिपण्यासाठी मूळ सारणीवर ट्रिगर, म्हणजे प्रत्येक लेखनासरशी आपोआप चालणाऱ्या आज्ञा, बसविलेले असत. त्यांचा भार प्रत्येक लेखनावर पडतो. गिटहबने २०१६ मध्ये खुल्या केलेल्या ‘घोस्ट’ या साधनात ट्रिगर नाहीत; ते डेटाबेसच्या फेरफार-नोंदवहीतून बदल वाचते, त्यामुळे सर्व्हरवर ताण येताच काम पूर्णपणे थांबविता येते.

मर्यादा : विकिपीडियाच्या डेटाबेसमध्ये मोठे बदल करताना एकेक प्रतिकृती सेवेतून बाजूला काढून तिच्यावर बदल करतात व ती परत सेवेत घेतात; मग बदललेल्या प्रतिकृतीपैकी एकीला मुख्य सर्व्हरचे स्थान देतात. या अदलाबदलीच्या वेळी संबंधित विकींवर अल्पकाळ लेखन थांबवावे लागते, वाचन मात्र चालू राहते. ‘अखंड’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ पुष्कळदा इतकाच असतो. तसेच दुहेरी लेखन, उतरवणूक व पडताळणी यांसाठी लागणारी साठवण-जागा आणि मनुष्यबळ लहान संस्थांना परवडतेच असे नाही. काही हजार ओळींच्या सारणीसाठी पूर्वसूचना देऊन संकेतस्थळ दहा मिनिटे बंद ठेवणे हा कमी धोक्याचा मार्ग होय.